हवा येऊ द्या, पण हिशेबाने!

सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या मर्सिडीजच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. एसीच्या कॉम्प्रेसरची एवढी जाहिरात कशाला, असं वाटून आपण हसतो, तोवर सिग्नल सुटतो आणि ती गाडी दिसेनाशी होते. खरं तर जर्मन भाषेत सुपरचार्जरला 'कॉम्प्रेसर' म्हणतात. म्हणजे तो गाडीवाला तुम्हाला सांगत असतो, 'बॉस, माझ्या इंजिनात वरून हवा भरलेली आहे. नादी लागू नकोस!'

ही हवा साध्या गाडीत घरच्या घरी भरता येते का? येते. माझ्या कॉलेजच्या एका मित्राने गेल्या हिवाळ्यात ती भरली. हा मूळचा पुण्याचा, आता इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअरमध्ये. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवार-रविवार गॅरेज. 'नाव छापलंस तर आईला कळेल,' या धमकीमुळे आपण त्याला नुसतं 'मेकॅनिक' म्हणू. त्याच्याकडे 1990 सालची माझदा एमएक्स-5 आहे. दोन सीटची, छत उघडणारी, 1.6 लिटरची, ताकद साधारण 115 हॉर्सपॉवर. दर रविवारी संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन व्हिडिओ कॉलवर बसायचे आणि तो बॉनेटमध्ये डोकं खुपसून बोलायचा. एखादी मालिका बघावी तशी मी त्याची ही धडपड बघितली.

फुकटची हवा, फुकट नाही

आधी थोडं गणित. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे.

इंजिनाची ताकद वाढवायची तर जास्त पेट्रोल जाळायला हवं. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण ते जाळायला हवा कुठून आणायची? साधं इंजिन बाहेरच्या दाबावर येईल तेवढीच हवा ओढतं. म्हणून तर मुंबईहून घाट चढून पुण्याला आलं, की हवेच्या दाबासोबत इंजिनाची ताकदही पाच-सहा टक्क्यांनी उतरते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो हवा दाबून आत कोंबतो. टर्बो हा त्याचा चुलतभाऊ. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो, म्हणून पाय दिल्यावर क्षणभर विचार करतो. सुपरचार्जर विचार करत नाही. पाय दिला की पिकअप!

समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो 14.7 पीएसआय. त्यात आणखी 6 भरले तर हवा झाली 1.4 पट. (तुमच्या टायरमध्ये 30-32 पीएसआय असतात, त्या मानाने हे 6 म्हणजे किरकोळच.) कागदावर ताकद 40 टक्के वाढायला हवी. पण पंप फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते, आणि दाबलेली हवा तापते. हातात राहतात साधारण 25 ते 30 टक्के.

मिनीचा पार्ट, माझदाचं नशीब

कुर्ल्याला जशी जुन्या गाड्यांच्या पार्ट्सची दुकानं, तशी तिकडे ब्रेकर्स यार्ड असतात. मेकॅनिकने तिथून मिनी कूपर एसचा सुपरचार्जर उचलला. 2002 ते 2006 या काळातल्या मिनीमध्ये ईटन कंपनीचा एम 45 हा ब्लोअर असायचा, आणि घरी काम करणाऱ्यांचा तो फार लाडका. आत एकमेकांत न अडकता फिरणारे दोन रोटर. ही मूळ कल्पना अमेरिकेतल्या इंडियानामधल्या रूट्स बंधूंची, थेट 1860 ची. तेव्हा गाड्या कुठे होत्या? त्यांचं यंत्र भट्ट्यांना हवा द्यायच्या कामाला लागलं.

एम 45 मधलं 45 म्हणजे घनइंच. एका फेऱ्यात तो जवळपास पाऊण लिटर हवा ढकलतो. 1.6 लिटरचं इंजिन एका फेऱ्यात 0.8 लिटर हवा घेतं. म्हणजे 6 पीएसआय हवे असतील तर ब्लोअर इंजिनापेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास वेगाने फिरायला हवा. हे ठरवते पुली. पुली लहान केली की वेग वाढतो, दाब वाढतो. आणि नेमका इथेच मोह होतो.

'6 कशाला? 10 कर की!' मी म्हटलं.

'अगं बाई, इंजिन माझं आहे,' मेकॅनिक म्हणाला.

बसवणं म्हणजे नुसते चार बोल्ट आवळणं नव्हे. मिनीमध्ये गाडीचा वॉटर पंपही या ब्लोअरवरच फिरतो. माझदाला स्वतःचा पंप आहे, तेव्हा ते तोंड नीट बंद करावं लागलं. ब्लोअरच्या गिअरचं तेल वेगळं असतं, ते बदललं. मग जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटची ब्रॅकेट. पट्टा दोन्ही पुलींवर एका रेषेत बसला नाही तर किंचाळतो, घसरतो, शेवटी तुटतो. पहिली ब्रॅकेट चार मिलिमीटरने चुकली. दोन रविवार गेले.

खरं काम पुढेच असतं

मला वाटलं होतं, ब्लोअर बसला म्हणजे सिनेमा संपला. तो तर इंटरव्हल होता.

त्याच मिनीचं उदाहरण घ्या. साध्या कूपरची ताकद 116 हॉर्सपॉवरच्या घरात, सुपरचार्जरवाल्या कूपर एसची 163. दोन्ही 1.6 लिटरच्याच. पण कंपनीने नुसता ब्लोअर नाही चढवला. कम्प्रेशन रेशो 10.6 वरून 8.3 वर आणला आणि वर इंटरकूलर दिला. बॉनेटवरचं ते भोक शोभेचं नाही, हवा थंड करायला आहे.

थंड कशाला? 35 अंशांची हवा 6 पीएसआयने दाबली, तर ब्लोअरमधून बाहेर पडताना ती 90 अंशांच्या आसपास जाऊ शकते. अशी तापलेली, दाटलेली हवा आणि त्यात पेट्रोल कमी पडलं, की मिश्रण स्वतःहून, भलत्या वेळी पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेर नुसती टकटक ऐकू येते, आत पिस्टनवर हातोडे पडत असतात. जोरात असेल तर पिस्टनच्या कडा तुटायला काही सेकंद पुरतात.

माझदाचा कम्प्रेशन रेशो 9.4. म्हणजे 6 पीएसआय चालतील, पण लाड चालणार नाहीत. मेकॅनिकने मोठे इंजेक्टर बसवले, समोर इंटरकूलर लावला. गाडीचा 1990 चा कंप्युटर एवढ्या हवेसाठी बनलेलाच नव्हता, म्हणून मेगास्क्वर्ट नावाचा, स्वतः सोल्डर करून बनवता येणारा कंप्युटर जोडला. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर घातला, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दिसतं. एरवी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल. जोर लावताना ते 12 च्या आसपास हवं, आणि ठिणगीही जरा उशिरा पडायला हवी.

तीन आठवड्यांचा उपास

फेब्रुवारीत सगळं जोडून झालं. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि फोनवरही ऐकू आली ती प्रसिद्ध शीळ. पण डायनोवर गाडी ट्यून करून घ्यायची तारीख होती तीन आठवड्यांनी. गॅरेजमध्ये जमलेले मित्र ओरडत होते, 'एक चक्कर! फक्त कोपऱ्यापर्यंत!' मीही त्यातलीच.

त्याने चावी खिशात टाकली. 'वर्षभर पैसे साठवलेत. कोपऱ्यापर्यंतच्या मजेसाठी नाही.' तीन आठवडे तो बसने ऑफिसला गेला. विमा कंपनीला बदल कळवले, वाढीव हप्ता भरला. मग ट्रेलरवर गाडी नेली, डायनोवर दिवसभर ट्यूनिंग झालं. ताकद मूळच्या पावपटीहून थोडी जास्त वाढली. संध्याकाळी फोन आला तेव्हा काही क्षण तो बोललाच नाही, नुसता हसत होता.

मला यातून उमगलं ते एवढंच: सुपरचार्जर बसवायला पाने-स्क्रूड्रायव्हर लागतात, पण तो टिकवायला थांबता यावं लागतं.

आणि आपल्याकडे?

आता वाईट बातमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो तो वेगळाच. म्हणजे रोज हिंजवडी गाठणारी तुमची हॅचबॅक यासाठी नाही. हौस असेल तर वेगळी गाडी, ट्रेलर, आणि चेन्नई किंवा कोईमतूरसारखा ट्रॅक.

थांबा, आधी हे वाचा

• इंजिन आधी तपासा. कम्प्रेशन टेस्टमध्ये सगळे सिलिंडर सारखे हवेत. दमलेल्या इंजिनाला ब्लोअर म्हणजे दम्याच्या पेशंटला मॅरेथॉन.

• बजेटचे दोन भाग करा. ब्लोअरवर जेवढा खर्च, निदान तेवढाच पेट्रोल, कूलिंग आणि ट्यूनिंगसाठी बाजूला ठेवा.

• ज्या पेट्रोलवर गाडी चालणार, त्याच पेट्रोलवर ट्यून करा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं.

• ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' विसरा. अशा इंजिनाची हवा दाबायला 6 किलोवॉटच्या आसपास लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 500 अँपिअर! ऑडीने 2016 च्या एसक्यू7 मध्ये खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला, तेव्हा त्यासाठी वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा बसवली होती. तुमच्या बॅटरीवर फिरतो तो नुसता पंखा.

• आणि ब्रेक? जास्त पळणाऱ्या गाडीला थांबताही आलं पाहिजे. डिस्क, पॅड, टायर यांचा नंबर पुलीच्या आधी लावा.