वेग पुरेसा, अंगकाठी अपुरी : अमेरिकी संघ खेळाडू कसे निवडतात?

वाराणसीचे नाव बेसबॉलशी सहसा कोणी जोडत नाही. क्रीडाक्षेत्रात हे शहर ओळखले जाते ते आखाड्यांसाठी आणि हॉकीसाठी. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील महंमद शाहिद हे याच शहराचे. असे असूनही, अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाशी करारबद्ध झालेले पहिले भारतीय म्हणून ज्या दोघांची नोंद झाली, ते रिंकू सिंह आणि दिनेश पटेल याच परिसरातून पुढे आले. दिनेश वाराणसीजवळच्या खानपूरचा. रिंकू भदोही जिल्ह्यातील गोपीगंज भागातला. हा जिल्हा १९९४ पर्यंत वाराणसी जिल्ह्याचाच भाग होता. (अलीगढचा क्रिकेटपटू रिंकू सिंह हा वेगळा.)

हे दोघेही भालाफेकपटू होते. २००८ पूर्वी त्यांनी बेसबॉलचा चेंडू हातातही घेतलेला नव्हता. केवळ वेगाच्या आकड्यावर त्यांची निवड झाली, आणि पुढे काय घडले हे समजून घेताना अमेरिकी क्रीडासृष्टीतील एका जुन्या वादाला हात घालावा लागतो. विलक्षण वेग असलेला, परंतु त्या खेळाच्या ठरीव मापात न बसणारा खेळाडू घ्यावा की नाही, हा तो वाद होय.

स्पर्धा आणि रडार

क्रीडा-व्यवस्थापक जे. बी. बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा घेतली. क्रिकेटच्या या देशात वेगाने चेंडू फेकणारे हात असणारच, ही त्यामागील कल्पना. हजारो तरुणांनी रडारच्या यंत्रासमोर चेंडू फेकून पाहिले. ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरचा वेग आणि त्याबरोबर अचूकता, अशी कसोटी होती. ताशी ८७ मैलांच्या फेकीसह रिंकू विजेता ठरला आणि त्याला एक लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. दिनेश दुसरा आला.

क्रिकेटपटूंच्या देशात भालाफेकपटू पुढे जावेत, यात वरवर पाहता विसंगती वाटते. पण तिचे कारण कोपरात आहे. क्रिकेटचा गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकण्याची सवय वर्षानुवर्षे अंगी बाणवतो, कारण कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ झाले तर तो चेंडू अवैध ठरतो. बेसबॉलचा पिचर मात्र वाकलेले कोपर झटक्याने सोडूनच वेग निर्माण करतो. भालाफेकीतील हालचाल याच जातीची आहे.

स्पर्धेनंतर दोघांना अमेरिकेला नेण्यात आले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाऊस या माजी पिचरच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काही महिने बेसबॉल आणि इंग्रजी यांचे धडे घेतले. त्यानंतर निरनिराळ्या संघांच्या निरीक्षकांसमोर त्यांची चाचणी झाली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशीही करार केला.

उंचीचा हिशेब

या दोघांत अधिक जोरात चेंडू फेकण्याची क्षमता दिनेशची असल्याचे मानले जात होते. त्याचा चेंडू ताशी ९० मैलांपर्यंत जाई. मात्र तो उजव्या हाताचा आणि उंचीने सहा फुटांना किंचित कमी होता. रिंकू डावखुरा आणि सहा फुटांहून उंच. बेसबॉलच्या निरीक्षकांच्या वहीत या दोन ओळींचे वजन फार असते.

पिचर आणि फलंदाज यांच्यात १८.४४ मीटरचे अंतर असते आणि ताशी ९० मैलांचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. उंच पिचरची ढांग लांब पडते, त्यामुळे चेंडू त्याच्या हातून फलंदाजाच्या अधिक जवळ सुटतो. शिवाय तो वरून खाली येत असल्याने त्याची रेषा पकडणे अवघड जाते. त्याच वेगासाठी लहानखुऱ्या देहाला खांदा आणि कोपर यांवर जास्त भार घ्यावा लागतो, अशी निरीक्षकांची पारंपरिक समजूत आहे. डावखुरे पिचर तुलनेने कमी असल्याने त्यांना मागणी अधिक, आणि म्हणून त्यांच्याबाबतीत संघ अधिक काळ वाट पाहतात.

या समजुतीला छेद देणारे उदाहरण त्याच वर्षी समोर होते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा टिम लिन्सकम हाही सहा फुटांपेक्षा कमी उंचीचा, किरकोळ अंगाचा आणि उजव्या हाताचा पिचर. २००६ च्या निवडीत नऊ संघांनी त्याला वगळल्यावर दहाव्या क्रमांकावर जायंट्सने त्याला घेतले. २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने पटकावला. पुढे त्याचा वेग ओसरला आणि २०१६ नंतर तो प्रमुख लीगमध्ये दिसला नाही. वगळणारे नऊ संघ चुकले, की त्यांची भीतीच अखेर खरी ठरली, यावर आजही दोन मते आढळतात. परंतु मधल्या काळात जायंट्सला जे मिळाले, ते पाहता भीती खरी ठरूनही सौदा तोट्याचा झाला असे म्हणता येणार नाही.

ड्राफ्ट म्हणजे काय?

भारतीय वाचकाला आयपीएलचा लिलाव परिचित आहे. तेथे जो संघ अधिक पैसे मोजेल त्याला खेळाडू मिळतो. अमेरिकी ‘ड्राफ्ट’मध्ये बोली नसते, पाळी असते. ढोबळमानाने, मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला निवडीची पहिली संधी दिली जाते आणि विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी येते. खेळाडूला संघ निवडता येत नाही. त्यामुळे ‘पाळी’ हीच संघाची संपत्ती होते. ती संघ एकमेकांत अदलाबदलही करतात.

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको यांसारख्या अमेरिकी प्रदेशांतील रहिवासी खेळाडूच येतात. भारतीय तरुण त्याबाहेरचे असल्याने पायरेट्सला आपली पाळी खर्च करावी लागली नाही. २००८ हा या संघाचा सलग सोळावा पराभूत हंगाम होता. इतक्या अपयशानंतर, पाळी न गमावता दोन वेगवान हात मिळत असतील तर ते नाकारण्याचे कारण नव्हते. यात प्रसिद्धीचा भाग होता हे उघड आहे. तथापि करार खरा होता आणि मैदानही खरे होते.

हीच निवड पाळी खर्चून करायची वेळ येते तेव्हा संघांचा हात आखडतो. याचे सर्वांत ठळक दर्शन अमेरिकन फुटबॉलमध्ये घडते. एनएफएल या लीगच्या ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत सुमारे अडीचशे खेळाडू निवडतात. त्यापूर्वी इंडियानापोलिस शहरात इच्छुकांची मोजणी होते. उंची, वजन, पंजाची रुंदी आणि ४० यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव नोंदली जाते. ‘वाइड रिसीव्हर’ या जागेसाठी ही धाव विशेष पाहिली जाते, कारण दूर पळत जाऊन हवेतून आलेला चेंडू झेलणे हे त्याचे काम असते.

लहानखुऱ्या रिसीव्हरबाबत शंका धावण्याविषयी नसते, धाव सुरू होण्याविषयी असते. समोरचा बचावपटू पहिल्या पाच यार्डांत त्याला हाताने अडवू शकतो. कबड्डीत चपळ चढाईपटू जोवर सुटा आहे तोवर तो कोणाच्या हाती लागत नाही; एकदा कंबर पकडली गेली की त्याच्या चपळाईचा उपयोग नाही. येथेही तसेच. १९७८ मध्ये नियम बदलून पाच यार्डांपुढे अशी अडवणूक बंद करण्यात आली, तेव्हापासून हलक्या देहाच्या धावपटूंना या जागेवर वाव मिळू लागला. प्रशिक्षकही अशा खेळाडूला अगदी पुढच्या रेषेवर उभे न करता किंचित मागे किंवा आतल्या बाजूला ठेवतात, जेणेकरून पहिला धक्का चुकवता यावा. म्हणजेच अशा खेळाडूची निवड करताना संघ आपल्या डावपेचांचीही निवड करत असतो. ज्याच्याकडे त्याला मोकळी जागा मिळवून देणारी आखणी नाही, त्या संघाने कितीही वेगवान रिसीव्हर घेतला तरी उपयोग मर्यादितच राहतो.

नोंदी या दृष्टीने वाचनीय आहेत. २०१७ मध्ये जॉन रॉस याने ४.२२ सेकंदांचा तत्कालीन विक्रम केला आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. दुखापतींनी त्याची कारकीर्द पोखरली. २०२४ मध्ये सुमारे ७५ किलो वजनाच्या झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांत तो विक्रम मोडला. त्याच्यासाठी कॅन्सस सिटी चीफ्सने अदलाबदल करून आपली पाळी ३२ वरून २८ वर आणली. पहिल्याच हंगामाअखेर, फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याने १५७ यार्डांची कमाई केली, तरी चीफ्स तो सामना हरले.

आणखी एक दाखला पायरेट्सच्याच शहरातला आहे. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने २०१४ मध्ये ड्राय आर्चर या पाच फूट आठ इंच उंचीच्या खेळाडूला तिसऱ्या फेरीत निवडले. त्याची धाव ४.२६ सेकंदांची होती. दुसऱ्या हंगामातच संघाने त्याला मुक्त केले. याच संघाने २०१० मध्ये सहाव्या फेरीत, १९५ व्या क्रमांकावर घेतलेला अँटोनियो ब्राऊन हाही लहानखुराच. चाळीस यार्डांसाठी त्याने साडेचार सेकंदांहून अधिक वेळ घेतला होता. तो मात्र दशकातील अग्रगण्य रिसीव्हर ठरला. वळणावर वेग न घालवणे आणि बचावपटूला चुकीच्या दिशेला झुकवणे, ही ब्राऊनची बलस्थाने घड्याळात उमटत नव्हती.

पुढे काय झाले?

रिंकू आणि दिनेश जुलै २००९ मध्ये पायरेट्सच्या फ्लोरिडातील सर्वांत खालच्या संघाकडून मैदानात उतरले. त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर विजयाची नोंद झाली. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये भारतीय पिचरला मिळालेला तो पहिला विजय होता. दिनेशची पहिल्या हंगामातील आकडेवारी तर रिंकूपेक्षा सरस होती. परंतु दोन हंगामांनंतर, २०१० च्या अखेरीस संघाने त्याला मुक्त केले आणि तो भारतात परतला.

रिंकूला अधिक वेळ मिळाला. २०१२ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियातील संघापर्यंत, म्हणजे शिडीच्या मधल्या पायऱ्यांच्या जवळ पोहोचला. त्यानंतर कोपराच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया यांत त्याचे हंगाम वाया गेले. प्रमुख लीगमध्ये दोघांपैकी कोणीही खेळू शकला नाही. त्यांच्या कथेवर डिस्नेने काढलेला चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा रिंकू दुखापतीतून सावरण्याच्या प्रयत्नात होता.

२०१८ मध्ये रिंकूने डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती-मनोरंजन कंपनीशी करार केला आणि पुढे वीर महान या नावाने तो रिंगणात दिसला. या वेळी त्याच्या हाताचा वेग कोणी मोजला नाही. पाहिली गेली ती उंची आणि छाती.