थ्री नॉट थ्री : एका काडतुसाची जडणघडण

.३०३ ब्रिटिश या काडतुसाच्या नावातला आकडा गोळीचा नाही, नळीचा आहे. रायफलच्या नळीत पिळदार खाचा कोरण्याआधी तिच्या भोकाचा जो व्यास असतो, तो .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. गोळी त्याहून जाड, सुमारे .३११ इंच. बार उडाल्यावर ती खाचांमध्ये घट्ट रुतते, त्यांच्या पिळाबरोबर फिरते आणि गरगरत बाहेर पडते. या फिरण्यामुळेच ती सरळ जाते. गोळी मोजून .३०३ भरत नाही म्हणून गोंधळणाऱ्याने नाव कशाला दिले आहे ते आधी पाहावे. युरोप खंडातल्या पद्धतीने हेच काडतूस ७.७ × ५६ आर होते : आधी भोक, मग पितळी कोशाची लांबी आणि शेवटी बुडाला बाहेर आलेल्या कडेची खूण. जपानच्या नौदलाने आणि इटलीनेही ते ७.७ या आकड्याखाली वापरले.

त्याआधी ब्रिटिश पायदळाकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिची शिशाची गोळी .४५ इंची आणि ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम वजनाची. बारीक गोळी वेगाने सोडली तर ती दूरवर सपाट जाते आणि सैनिकाला तेवढ्याच ओझ्यात जास्त काडतुसे नेता येतात, हे कळत होते. पण उघडे शिसे त्या वेगाला नळीत खरवडले जाई. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी शिशावर कठीण धातूचे आवरण चढवून ही अडचण दूर केली. १८८६ मध्ये फ्रान्सने धूरविरहित दारूची लेबेल रायफल आणली आणि बाकीच्या सैन्यांची घाई सुरू झाली. ब्रिटनने १८८८ मध्ये .३०३ काडतुसाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली यांचे, नळीतल्या उथळ खाचा विल्यम मेटफर्ड यांच्या.

मात्र ब्रिटनजवळ तेव्हा धूरविरहित दारूच नव्हती. नव्या काडतुसात जुनीच काळी दारू दाबून तिची वडी करून भरली गेली. २१५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १८५० फूट वेगाने सुटे. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये पेटंट घेतलेले कॉर्डाइट १८९१ पासून काडतुसात आले. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ आणि व्हॅसलीन ५. ते शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात मिळे, आणि बाटलीसारख्या अरुंद मानेतून ती जुडी आत जाईना. म्हणून कोश सरळ असतानाच जुडी ठेवायची, वर चकती बसवायची आणि नंतर दाबून मान घडवायची, असा उलटा क्रम कारखान्यांनी बसवला. भरलेल्या दारूभोवती धातू दाबण्याचे हे काम किती जपून करावे लागत असेल, ते वेगळे सांगायला नको. कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफील्डच्या शस्त्र कारखान्याची खोल, पाच खाचांची नळी आली. ली-एनफील्ड हे नाव तिथून रूढ झाले.

कोशाचे पितळ ७० भाग तांबे, ३० भाग जस्त. चकतीचा पेला आणि पेल्याची नळी, असे ते टप्प्याटप्प्याने ओढत नेतात. ओढताना पितळ कडक होते, म्हणून मध्येमध्ये तापवून मऊ करावे लागते. बूड मात्र कडकच हवे, आणि तोंड मऊ. भारतात या पितळाने वेगळाच त्रास दिला. पावसाळ्यात साठवलेले कोश आपोआप तडकत. कारण होते ओढकामातून धातूत राहिलेला ताण आणि तबेल्यांतून दमट हवेत मिसळणारा अमोनिया. मंद आचेवर तापवून ताण काढला की तडे जाणे थांबते.

बुडावरची जाड कडा ही या काडतुसाची कायमची उणीव. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली की रायफल अडते. कडा नसलेले .२७६ इंची काडतूस १९१३ मध्ये चाचणीला उतरले, पण पहिले महायुद्ध आले आणि तो विचार मागे पडला.

नाव तेच राहिले. बदल ‘मार्क’च्या रोमन आकड्यांत नोंदले गेले. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरील चित्रळ मोहिमेनंतर मार्क २ ची गोळी माणसाला थोपवत नाही अशी तक्रार झाली, आणि कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ती गोळी पसरे आणि भयंकर जखम करी. मार्क ३, ४ आणि ५ पोकळ टोकाचे निघाले. सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी आणि सुदानसाठी अशी गोळी चालेल, हा विचार त्या साम्राज्याचा खरा चेहरा दाखवतो. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. १९१० चा मार्क ७ टोकदार, १७४ ग्रेनचा आणि सेकंदाला २४४० फूट वेगाचा. त्याच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम असल्याने वजन मागे राहते. दोन्ही महायुद्धांत मुख्यतः हाच वापरला गेला. आकड्यासोबतचे ‘झेड’ म्हणजे नायट्रोसेल्युलोज दारू, ‘जी’ म्हणजे ट्रेसर.

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे बनलेल्या .३०३ च्या कोशांच्या बुडावर ‘के एफ’ अक्षरे आढळतात. लष्कराने हे काडतूस सोडल्यावरही ‘थ्री नॉट थ्री’ रायफल पोलिसांच्या हाती राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दहशतवादी हल्ला झाला तेव्हाही पोलिसांकडे तीच होती. नागरिकांना मात्र भारतात .३०३ चा परवाना मिळत नाही, कारण ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यांच्यासाठी ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्याच घडणीची .३१५ बोअरची रायफल काढली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखरचे आहे, आणि .३०३ च्या नळीत ते चालत नाही.