दीड फुटात हिरवी भिंत

सणसवाडीत पुणे-अहिल्यानगर महामार्गालगत कारखाने आले, मागोमाग रो-हाऊस आली. अंगण म्हणून उरली फाटकालगतची दीड फुटाची पट्टी. धूळ मात्र सगळ्यांना भरपूर.

अशा जागेत हमखास दिसतो तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. सडपातळ खरा, पण झुडूप नव्हे. बघता बघता दुमजली घराच्या वर जातो. मोरपंखी देखणी, पण मुळाशी पाणी साचलं की रुसते.

खरी गुणी कुंती. कढीपत्त्याची जवळची नातलग. चकचकीत बारीक पानं, पावसाळ्यात पांढरी सुवासिक फुलं. दीड-दोन फुटांवर एकेक रोप लावायचं, हातभर झालं की शेंडा खुडायचा. मग बुडापासून फुटवे येतात. वाढ संथ, म्हणून कात्रीही कमी. फक्त शेजारी लिंबाची बाग नको. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कुंतीवरही पोसते.

घाई असलेले कोनोकार्पस लावतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं तरी त्यांनी ऐकावं.

आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागत असेल, तर साधी मेंदीच बरी. छाटलेला पाला वाटून हातावरही रंगतो.