काही नै झालं, सर!

आमच्या लातूर भागात पैलवान ओळखायला त्याचं नाव-गाव विचारावं लागत नाही. कान बघितले की कळतं. घासून, दाबून, पुन्हा पुन्हा मार लागून ते असे गोळा झालेले असतात. हरिश्चंद्र बिराजदार, काका पवार यांच्या या जिल्ह्यात फुटलेला कान म्हणजे दागिनाच. घरची बाईमाणसंसुद्धा तो कौतुकानं दाखवतात. कानाचं बरं असतं, काय झालं ते दिसतं तरी. आत मेंदूला हिसका बसला तर मात्र वरून काहीच दिसत नाही. रक्त नाही, टाका नाही, प्लास्टर नाही. आणि जे दिसत नाही ते झालंच नाही, असं आपण सगळेच धरून चालतो.

मैत्रिणींनो, आज मला बोलायचंय ते मात्र कुस्तीबद्दल नाही, आपल्या पोरींच्या कबड्डीबद्दल. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक आपण जिंकला. त्या संघातल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या आपल्या तिघींना राज्य सरकारनं प्रत्येकी एक कोटी दिले. पुढे २०१४ मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली. तेव्हापासून पोरी मांडी ठोकत मैदानात उतरतात आणि आया घरचं आवरून मैदानाच्या कडेला येऊन बसतात. बघून खरंच बरं वाटतं. म्हणूनच ही गोष्ट सांगायची.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला ताईकडे गेले होते. तिची धाकटी अकरावीत, डावा कोपरा सांभाळते. कोपरा म्हणजे पकडीचं काम. चढाई करणाऱ्या मुलीनं पाय पुढे टाकला की खाली झेपावून तिचा घोटा धरायचा. अशा वेळी धरणारीचं डोकं नेमकं समोरचीच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. त्या दिवशी गुडघा थेट कानशिलावर बसला. आवाज आम्हाला कडेला ऐकू आला. पोरगी दोन क्षण ओणवी राहिली, उठली, धूळ झटकली. सरांनी विचारलं तर म्हणाली, "काही नै झालं, सर!" टाळ्या पडल्या. कुणीतरी डोक्यावर पाणी ओतलं, कुणी कांदा आणा म्हणालं. शेजारची बाई म्हणाली, "उपाशी आली असंल लेकरू, म्हणून चक्कर आली."

थोड्या वेळानं ती शेजारच्या मुलीला विचारताना दिसली, "हा पहिला हाफ चालूय की दुसरा?" पोरी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. सामना दोन गुणांनी जिंकला, फोटो झाले. रिक्षात बसल्यावर तिनं तीनदा विचारलं, "मावशी, कोण जिंकलं?" तीनही वेळा मी सांगितलं. मग तिला उलटी झाली. ताई म्हणत होती, घरी जाऊन लिंबू-सरबत देते. मी रिक्षा डॉक्टर लेनकडे वळवायला लावली.

सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल. ताईनं सुटकेचा श्वास टाकला आणि पहिला प्रश्न विचारला, "मग परवाच्या मॅचला चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, "स्कॅन नॉर्मल आहे म्हणजे आत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. कन्कशन स्कॅनमध्ये दिसत नाही. परवा तर सोडाच, मी सांगेपर्यंत मैदान बंद."

कन्कशन हा शब्द मी क्रिकेटमुळे ऐकला होता. २०२० साली कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत शेवटच्या षटकात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, तो परत मैदानात आलाच नाही. त्याच्या जागी चहल आला, तीन बळी घेऊन सामनावीर ठरला आणि ऑस्ट्रेलियावाले भडकले. आमच्या घरी तेव्हा चर्चा झाली ती चहलच्या बॉलिंगची. जडेजाच्या डोक्याचं काय, हे कुणी विचारलं नाही!

तर हे प्रकरण असं. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा झटका बसला की तो आत हिंदकळतो. तेवढ्यानं पेशींचं काम बिघडतं. त्यांना शक्ती जास्त लागते आणि पुरवठा कमी पडतो. डोकं दुखतं, गरगरतं, उजेड सोसत नाही, आत्ताचं आठवत नाही, उगाच रडू येतं, चिडचिड होते. बेशुद्ध पडायलाच हवं असं अजिबात नाही. खेळातल्या अशा दहा जणांत एखादाच शुद्ध हरपतो. हेल्मेटनं कवटी वाचते, आतलं हिंदकळणं पूर्ण थांबत नाही. आणि डोक्यावरच मार बसायला हवा असंही नाही. छातीवर जोराची धडक बसून मान झटकली तरी पुरे. कबड्डीत डॅश मारतात तेव्हा काय होतं, आठवून बघा.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडचा उत्तर भाग आणि ऑस्ट्रेलियात रग्बी लीग नावाचा खेळ फार चालतो. एका बाजूला तेरा जण, हातात अंडाकृती चेंडू. चेंडू सोडला तर बाकी सगळं आपल्या पकडीसारखंच, धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन खाली पाडायचं. एकेक खेळाडू एका सामन्यात अशा कितीतरी धडका घेतो. तिथे पैसा मोठा, करार मोठे. डोक्याला मार बसला की तिथला गडीही वर्षानुवर्षं तेच म्हणायचा, जे माझी भाची म्हणाली. बाहेर गेलं तर जागा जाते, पुढचा करार जातो.

शेवटी त्यांना कळलं की हे खेळाडूला विचारून चालायचं नाही. आता तिथे संशय आला की खेळाडू बाहेर, पंधरा मिनिटं डॉक्टरांची तपासणी. तपासणीत नापास झाला की त्या दिवसाचा खेळ संपला. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून सामन्याच्या पडद्यांवर लक्ष ठेवणारा एक वेगळा डॉक्टर असतो. तो कुठल्याच संघाचा नाही, म्हणून त्याला कुणाचा मोह नाही. २०२४ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला साधारणपणे किमान ११ दिवस सामना खेळता येत नाही. हे नियम सुखासुखी आले नाहीत. इंग्लंडमध्ये जुने खेळाडू कोर्टात गेले. चाळिशी-पन्नाशीतच विसरायला लागलेली ही माणसं. २०१९ मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत सीटीई नावाचा आजार सापडल्याचं सांगितलं. डोक्याला वर्षानुवर्षं मार खाल्लेल्यांत हा आढळतो आणि त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं.

हे सगळं पुरुषांचं, असं वाटत असेल तर हेदर अँडरसनचं नाव ऐका. ऑस्ट्रेलियातली फुटबॉलपटू, तिथल्या त्यांच्या नियमांच्या फुटबॉलची. लष्करात वैद्यकीय मदतनीस होती. २०२२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. पुढच्या वर्षी तिच्या मेंदूत सीटीई सापडला. व्यावसायिक खेळ खेळलेल्या बाईत हा आजार जगात पहिल्यांदाच आढळला. मुलं आणि मुली सारखाच खेळ खेळत असतील, फुटबॉल म्हणा, बास्केटबॉल म्हणा, तर कन्कशन मुलींना जास्त होतं, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. उत्तर आयर्लंडमधला बेंजामिन रॉबिन्सन, वय १४. जानेवारी २०११, शाळेचा रग्बी सामना. हा रग्बी लीगचा भाऊबंद, रग्बी युनियन. पोराला एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा मार लागला. दर वेळी मैदानातच बघितलं गेलं आणि खेळ पुढे चालू राहिला. सामना संपता संपता तो कोसळला, दोन दिवसांनी गेला. आई, कॅरेन वॉल्टन, कडेला उभी होती. आपल्यासारखीच. पहिल्या हिसक्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला, तर तो क्वचित असा एकदम सुजतो. तरण्या पोरांत विशेष. असं क्वचितच घडतं, पण घडलं की हाती वेळ उरत नाही.

मग आपल्या पोरी का लपवतात? त्यांना मोठे करार कुठले! पण करारासारखंच काहीतरी त्यांच्याकडेही असतं बघा. जिल्हा, विभाग, राज्य असं वर खेळत गेलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण. राज्य-राष्ट्रीय पदक मिळालं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. शेतमजुराच्या पोरीला पोलिसात जायची ही एक वाट आहे. त्या वाटेवर उभी असलेली पोरगी "डोकं दुखतंय" म्हणेल?

दुसरं कारण घरातलं. गुडघा मोडला तर बाप ओरडेल आणि मलमपट्टी करेल. डोक्याचं नाव निघालं की खेळ कायमचा बंद. वर आजी म्हणणार, "बाहेर बोलू नका गं, उद्या स्थळ बघताना कोणी म्हणंल पोरीच्या डोक्यात काहीतरी हाय." भाचीनं नंतर मला हेच सांगितलं. "मावशी, मला कळत होतं काहीतरी गडबड झालीय. पण बाबांना कळलं तर बूट जाळतील म्हणून बोलले नाही."

माझं मत सांगते. हिशेब पोरीच्या हाती सोडायचा नाही आणि खेळही तोडायचा नाही. डोक्याला झटका बसला आणि शंका आली, की तिला बाहेर घ्यायचं. ती नको म्हणाली तरी, हरत असलो तरी. कबड्डीत बारा जणींचा संघ असतो, सात आत, पाच बाहेर. त्या पाच कशासाठी असतात? ज्या घरात "डोक्याला लागलं" म्हटल्यावर खेळ बंद होतो, त्या घरातली पोर पुढच्या वेळी गप्पच बसणार. म्हणून बापाशी आधी बोलून ठेवायला हवं. हे काम आईचं, नाहीतर मावशीचं!

घरी काय करायचं तेही सांगते, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं तसं. पहिला एक-दोन दिवस आराम, मोबाईल-टीव्ही कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडायचं नाही, घरात हळूहळू फिरू द्यायचं. "झोपू देऊ नका, झोपली तर उठणार नाही" असं आपल्याकडे सांगतात. डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटलं असेल तर झोपू द्यावं, झोप चांगलीच. डोक्याला तेल रगडू नका, मनानं दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. पण डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, पोरगी गुंगीत जायला लागली, झटका आला, हातापायातलं बळ गेलं, दोन्ही बुबुळं लहान-मोठी दिसली, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त आलं, तर १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात. मान दुखत असेल तर उचलाउचली करू नका. १९९८ साली ढाक्यात रमण लांबाला जवळच्या क्षेत्ररक्षणात कानशिलावर चेंडू लागला, हेल्मेट नव्हतं. तो आपल्या पायांनी तंबूत गेला. तीन दिवसांनी गेला. चालत आला म्हणजे ठीक आहे, असं नसतं ते यासाठी.

भाचीला मैदानावर परत यायला चार आठवडे लागले. आधी चालणं, मग पळणं, मग नुसता सराव, पकड सगळ्यात शेवटी आणि तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पहिल्या आठवड्यात ती वहीतली ओळ दोनदा वाचायची आणि रडायची. विभागीय सामने हुकले. घरात चार दिवस अबोला होता. ब्रिटन सरकारनं २०२३ मध्ये शाळा-क्लबांसाठी सांगितलंय की सामन्याआधी किमान २१ दिवस जायलाच हवेत. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलं नव्हतं.

इकडे लातूरला आल्यावर आमच्या भागातल्या शाळेतल्या चार आयांनी मिळून सरांना एक पुठ्ठा लिहून दिला. त्यावर पाच प्रश्न आहेत. जगभर मैदानावर विचारतात तेच, कबड्डीला जुळवून घेतलेले. आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता? तो जिंकलो का? एकही चुकला की पोरगी बाहेर. पाचही बरोबर आले तरी काही त्रास दिसत असेल तर बाहेरच. सर आधी म्हणाले, "मॅडम, मुली उत्तरं पाठ करून येतील." आणि आल्याच! पहिल्याच सामन्याला मैदानाचं नाव आणि मागच्या सामन्याचा निकाल सगळ्या जणींनी घोकून ठेवला होता. तेव्हापासून सर सुरुवात तिसऱ्या प्रश्नानं करतात.