दुबईच्या कचेरीत बोलावे कसे?

आपल्या मॉरिशसमधील तरुण मुले-मुली नोकरीसाठी दुबई, अबुधाबीला जातात. कपडे, कागदपत्रे, तिकीट यांची तयारी होते. बोलण्याची तयारी मात्र राहून जाते. म्हणून आई-वडिलांसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

तेथे कामाचे बोलण्याआधी 'अस्सलाम अलैकुम' म्हणून खुशाली विचारावी. एकदम कामाला हात घालणे रुक्ष वाटते. स्त्रीने स्वतः हात पुढे केला तरच पुरुषाने हस्तांदोलन करावे. कहव्याचा कप उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाले की रिकामा कप किंचित हलवावा, नाहीतर वाढणारा पुन्हा भरतो. रमजानमध्ये कामाचे रोजचे दोन तास कमी होतात. त्या महिन्यात रोजा ठेवणाऱ्यासमोर खाऊ-पिऊ नये.

ही झाली रीत. उद्धट शब्दाला तेथे कायद्याचाही धाक आहे. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार फोनवरून किंवा संगणकावरून कोणाला अपमानकारक संदेश पाठवणे हा गुन्हा आहे. त्याला कैद, किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. साहेबावर किंवा सोबत्यावर रागावून लिहिलेली एक ओळ इतकी महाग पडते! राग आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी लिहावे.

क्रिओलमध्ये 'तो' कोणाला आणि 'ऊ' कोणाला म्हणावे हे आपली मुले जाणतात. मराठीतही 'तू' आणि 'आपण' आहेच. साहेबाला 'आपण' कोणीही म्हणतो. चहा आणणाऱ्यालाही जो आदराने बोलतो, तोच खरा शिकलेला. हा धडा मुलांना विमानतळावर नव्हे, घरीच द्यावा.