आधी प्रेक्षक, मग शाळा : हेग्गोडूच्या ‘नीनासम’चा मागोवा

कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांनी वेढलेल्या हेग्गोडू या लहानशा गावी १९४९ साली स्थापन झालेल्या श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघाला २०२४ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. ग्रामदैवताचे नाव धारण करणारा हा संघ आद्याक्षरांपासून बनलेल्या ‘नीनासम’ या नावानेच सर्वत्र ओळखला जातो, आणि त्याने १९८० साली सुरू केलेल्या निवासी नाट्यशाळेमुळे देशाच्या रंगभूमीच्या इतिहासात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. संघाचा जन्म आणि शाळेचा जन्म यांच्यात तब्बल एकतीस वर्षांचे अंतर आहे, आणि या वाटचालीचे मर्म त्या अंतरातच शोधावे लागते. कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाट्यशिक्षणाची संस्था आधी उभी राहते व तिच्या विद्यार्थ्यांना प्रेक्षक नंतर शोधावा लागतो, तर हेग्गोडूत प्रेक्षक घडवण्याचे काम आधी झाले आणि त्या प्रेक्षकाच्या आधाराने शाळा उभी राहिली.

अर्थात हा प्रेक्षकही शून्यातून आलेला नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाळी, डोंगराळ पट्ट्याला कन्नडमध्ये ‘मलनाड’ म्हणतात, आणि या मलनाडात व त्याच्या पायथ्याच्या किनारपट्टीत यक्षगानाची, म्हणजे पुराणकथांवर आधारलेल्या, गायन, नृत्य आणि आयत्या वेळी रचलेले संवाद यांच्या साहाय्याने रात्रभर चालणाऱ्या नाट्यप्रकाराची परंपरा शतकानुशतके नांदत आलेली आहे. मराठी वाचकाला या प्रदेशाशी असलेले नाते सहज आठवावे, कारण होन्नावरजवळच्या कर्की गावाची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेल्यानंतर चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रेरणेने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि ज्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा आरंभ मोजला जातो त्याची एक मुळी अशा रीतीने याच परिसरात पोहोचते. पुढे व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या फिरत्या खेळांनीही या भागातील गावांना नाटकाची गोडी लावली. हेग्गोडूच्या तरुणांनी हौशी नाट्यसंघ काढला तो या वातावरणात, आणि आरंभीच्या काळात त्याचे स्वरूप इतर शेकडो गावांतील हौशी संघांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

ते वेगळे झाले ते के. व्ही. सुब्बण्णा (१९३२–२००५) यांच्यामुळे. सुपारीच्या बागा असलेल्या घरात जन्मलेले सुब्बण्णा म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात शिकले, तेथे त्यांना कवी कुवेंपूंसारखे गुरू लाभले, आणि शिक्षण संपल्यावर शहरात नोकरी न पत्करता ते गावी परतले. गावी परतणे हा त्यांच्या लेखी त्याग नव्हता; राममनोहर लोहियांच्या समाजवादी विचाराचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता आणि ज्ञान व कला यांचे केंद्र नेहमी महानगरातच का असावे, हा प्रश्न त्यांच्यासाठी राजकीयही होता. सागर तालुक्यातच १९५१ साली कागोडू येथे कुळांनी जमीनदारांविरुद्ध सत्याग्रह केला होता व खुद्द लोहियांना त्यात अटक झाली होती, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे नाट्यसंघाच्या कार्यामागची लोकशाहीवादी बैठक अधिक स्पष्ट होते. १९५० च्या दशकात सुब्बण्णांनी अक्षर प्रकाशन सुरू केले, आणि छपाईयंत्रणा, वाचक व विक्री या तिन्ही दृष्टींनी गैरसोयीच्या अशा खेड्यातून कन्नडमधील गंभीर वैचारिक व ललित पुस्तके प्रसिद्ध करून दाखवली. त्यांनी स्वतः ब्रेख्तची नाटके कन्नडमध्ये आणली. संघाच्या रंगमंचावर जगातील नाटक येणार असेल तर ते गावाच्या भाषेत आले पाहिजे, हे सूत्र तेव्हापासून आजवर टिकून आहे.

१९७० च्या दशकात या कार्याला दोन भक्कम आधार मिळाले. पहिला आधार म्हणजे कादंबरीकार आणि यक्षगानाचे थोर अभ्यासक शिवराम कारंत यांच्या नावाने गावात उभे राहिलेले सुसज्ज रंगमंदिर, ज्याच्या तोडीचे नाट्यगृह त्या काळी कित्येक जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हते. दुसरा आधार म्हणजे १९७३ साली स्थापन झालेला चित्रसमाज, म्हणजेच निवडक चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवणारी मंडळी. ‘पथेर पांचाली’, कुरोसावाचा ‘राशोमोन’, डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ असे चित्रपट शेतकरी, शेतमजूर आणि गृहिणी यांनी पाहिले, आणि त्यांना ते कळले. अभिजात कलाकृती समजण्यासाठी विशिष्ट वर्गात जन्मावे लागते या रूढ समजुतीला याहून थेट उत्तर क्वचितच दिले गेले असेल. येथील चित्ररसग्रहण शिबिरे घडवण्यात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादूर यांचा मोठा वाटा होता. चित्रपट कसा पाहावा याचे पुण्यात विकसित झालेले शिक्षण त्यांनी मलनाडातील खेड्यापर्यंत नेले, हा महाराष्ट्राच्या दृष्टीनेही आवर्जून नोंदवावा असा दुवा आहे. याच शिबिरांचा पुढे विस्तार होऊन साहित्य, समाजशास्त्र, संगीत आणि नाटक यांचा एकत्र विचार करणारे वार्षिक संस्कृती शिबिर आकाराला आले, ज्यात यू. आर. अनंतमूर्तींसारखे लेखक वर्षानुवर्षे सहभागी होत राहिले.

१९८० साली नाट्यशाळा सुरू झाली तेव्हा तिच्याभोवती असे तीस वर्षे तयार झालेले प्रेक्षकमंडळ होते. अभ्यासक्रम एका वर्षाचा, निवासी आणि कन्नड माध्यमाचा ठेवण्यात आला, आणि हे तिन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले दिसतात. वर्षभराच्या अवधीमुळे शेतकरी व कारागीर कुटुंबांतील मुलामुलींना घरापासून दूर राहणे शक्य होते. निवासामुळे अभिनय, आवाजाचे व देहाचे शिक्षण, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि नाट्येतिहास हे विषय तासिकांपुरते न उरता दिनक्रमाचा भाग होतात. आणि कन्नड माध्यमामुळे इंग्रजीचा अडसर दूर होतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विद्यार्थ्यांनी वर्षभरात बसवलेले प्रयोग गावकऱ्यांसमोर होतात. परीक्षकांच्या गुणांपेक्षा, अनेक दशके नाटक पाहत आलेल्या या माणसांच्या पसंती-नापसंतीतून विद्यार्थ्याला जे शिकायला मिळते, ते शहरातील शाळेला कोणत्याही निधीतून विकत घेता येणार नाही.

शाळेपाठोपाठ संघाने फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९८३ ते १९८५ या काळात ‘जनस्पंदन’ हा उपक्रम राबवून कर्नाटकातील इतर गावांत नाट्यशिबिरे आणि चित्रपटविषयक शिबिरे नेली. याच दशकातील एका प्रयोगाचा उल्लेख वेगळा करायला हवा. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी नावाचा, आफ्रिकी वंशाचा समाज शतकांपासून जंगलकाठी राहतो. मंचिकेरी परिसरातील सिद्दी कलावंतांना घेऊन चिदंबरराव जंबे यांनी चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या नायजेरियातील कादंबरीचे कन्नड नाट्यरूप बसवले. ज्या समाजाला आजूबाजूच्या जगात प्रामुख्याने उपेक्षाच मिळाली होती, त्या समाजाच्या माणसांनी आपल्या पूर्वजांच्या खंडातील कथा कन्नड प्रेक्षकांसमोर उभी करावी, यात कलात्मक धाडस तर होतेच, पण रंगमंचावर कोणाचा अधिकार आहे या प्रश्नाचे नि:संदिग्ध उत्तरही होते. पुढे सिद्दी समाजातील तरुण-तरुणी नीनासमच्या शाळेत शिकण्यासाठी आल्या, त्यामागे हा प्रयोग होता असे मानायला हरकत नाही.

१९८५ साली सुरू झालेली ‘तिरुगाट’, म्हणजे भ्रमंती करणारी व्यावसायिक नाट्यमंडळी, हा शाळेचाच स्वाभाविक विस्तार होय. शाळेतून बाहेर पडलेल्यांना काम मिळावे आणि चांगल्या नाटकाची सवय हेग्गोडूबाहेरही लागावी या दुहेरी गरजेतून ती निर्माण झाली. मुख्यत्वे शाळेचे माजी विद्यार्थी असलेला संच पावसाळ्यात नवी नाटके बसवतो, ऑक्टोबरच्या सुमारास ती हेग्गोडूत सादर होतात, आणि मग नेपथ्य, दिवे व पेहराव बरोबर घेऊन मंडळी राज्यभर फिरतात. तालुक्याच्या गावातील शाळेचे पटांगण असो वा शहरातील नाट्यगृह, मांडणी त्या जागेशी जुळवून घ्यावी लागते, आणि नटाला रोज नव्या प्रेक्षकाशी नाते जोडावे लागते. शेक्सपिअर, कालिदास आणि समकालीन कन्नड नाटककार हे सारे एकाच संचाने एकाच दौऱ्यात करावेत हा आग्रह नटाच्या दृष्टीने कठोर खरा, परंतु शाळेत मिळालेल्या शिक्षणाची खरी कसोटी तेथेच लागते.

याच्या तुलनेत महाराष्ट्रातील नाट्यशिक्षण प्रामुख्याने विद्यापीठांच्या आश्रयाने वाढले. छत्रपती संभाजीनगर येथील नाट्यशास्त्र विभाग किंवा पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र यांनी गुणी रंगकर्मी घडवले, हे निर्विवाद आहे. तथापि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, जेथे धानकापणीनंतरच्या हंगामात गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि वडसा येथील नाट्यमंडळ्या त्यावर चालतात, तेथे हजारोंचा जिव्हाळ्याचा प्रेक्षक पिढ्यानुपिढ्या उपस्थित असूनही त्याच्या सान्निध्यात हेग्गोडूसारखी निवासी शाळा रुजली नाही, ही मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावी अशी उणीव आहे. हेग्गोडूला जे दीर्घ परिश्रमाने मिळवावे लागले, त्यातील अर्धे तेथे आधीपासूनच हाताशी आहे.

सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २००५ मध्ये त्यांच्या निधनानंतर नेतृत्वाचा भार त्यांचे पुत्र, नाटककार व दिग्दर्शक के. व्ही. अक्षर यांच्या पिढीवर आला. एका व्यक्तीच्या दृष्टीतून वाढलेल्या संस्था त्या व्यक्तीबरोबर क्षीण होतात असा अनुभव सर्वत्र येतो. नीनासमबाबत तो आला नाही, कारण शिबिरातील पाहुण्यांच्या व्यवस्थेपासून रंगमंचावरील कामापर्यंतचा बराचसा भार गावातील माणसांनी आपला मानलेला होता. अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिकीटविक्रीतून एवढा पसारा चालत नसल्याने अनुदानावरचे अवलंबित्व सुटत नाही, आणि शाळेत घडलेल्या अनेक नटांना चित्रपट व दूरचित्रवाणी ओढून घेतात. अच्युत कुमार हे कन्नड चित्रपटांतील परिचित नाव याच शाळेतील, तर एका नटाने ‘नीनासम सतीश’ असे शाळेचे नावच आपल्या नावापुढे लावून घेतले. दुसरीकडे मंड्या रमेश यांच्यासारख्या माजी विद्यार्थ्याने म्हैसूरला ‘नटना’ ही संस्था काढून स्वतः नाट्यशिक्षण सुरू केले, आणि राज्यातील अनेक लहान गावांतही येथून गेलेल्यांनी शालेय मुलांसाठी शिबिरे व हौशी संघांसाठी नाटके बसवण्याचे काम हाती घेतले. पडद्यावर गेलेल्यांची नावे लोकांना ठाऊक असतात. परंतु शाळेच्या एकतीस वर्षांच्या पूर्वपीठिकेकडे पाहता, आपापल्या गावात नवा प्रेक्षक तयार करणारे हे दुसऱ्या वाटेचे विद्यार्थीच तिच्या मूळ हेतूच्या अधिक जवळचे ठरतात.