बरणीतली चिठ्ठी

पहिला मोठा पाऊस पडून गेला की रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये रात्रभर बेडकांचा गलका चालतो. माडा-पोफळीच्या आळ्यात पाणी साचते, विहिरीच्या काठाशी दिवड दिसतो, जांभ्याच्या गडग्यातले फुरसे बाहेर पडते. कुंडलिकेच्या मुखाशी लावलेल्या जाळ्यात एखादा समुद्री साप येतो. सापाचे नाव रात्री घ्यायचे नाही, म्हणून घरातली वडीलधारी माणसे ‘लांबडं’ म्हणतात, नाहीतर नुसतेच ‘जनावर’. भीती आणि आदर दोन्ही त्या एका शब्दात असतात. पण ज्याचे नावच घ्यायचे नाही, त्याची ओळख कशी व्हायची? ही ओळख करून देण्याचे काम समुद्रापलीकडे, मुंबईत, एका संस्थेने पिढ्यान् पिढ्या केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सरीसृप आणि उभयचर विभागाचा हा मागोवा.

15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. आपण पाहिलेले प्राणी-पक्षी एकमेकांना दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच हेतू होता. त्या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे मानाने घेतली जातात. निसर्गाच्या अभ्यासातही ती पहिल्या पानावर आहेत, हे मात्र आपण विसरतो.

पुढच्याच वर्षी संग्रहाला जागा मिळाली ती एच. एम. फिप्सन यांच्या फोर्टमधल्या दारूच्या पेढीत. फिप्सन यांना सापांची विशेष आवड. 1886 मध्ये संस्थेचे जर्नल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्यात मुंबई इलाख्यातल्या विषारी सापांवर त्यांचा लेख आला. त्या काळी फुरसे मारून आणणाऱ्याला रत्नागिरी जिल्ह्यात सरकार बक्षीस देत असे. एकीकडे साप मारण्याची मोजदाद चालू होती आणि दुसरीकडे मूठभर माणसे त्याच सापाचे खवले मोजत होती.

खवले मोजण्याला शास्त्राची शिस्त लावली ती फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने. 1905 पासून 1919 पर्यंत त्यांची भारतातल्या नेहमीच्या सापांवरची लेखमाला जर्नलमध्ये येत राहिली. मण्यारीच्या पाठीवरची मधली रांग पाहा, तिथले खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. कवड्याच्या पाठीवर तसे नसतात. दोघेही रात्री हिंडणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. एकाच्या दंशाने माणूस दगावतो, दुसरा बिनविषारी. हा फरक ओळखता आला तर माणसाचा जीव वाचतो आणि कवड्याचाही. ज्या घरात लोक जमिनीवर अंथरूण घालतात, त्या घरासाठी ही माहिती केवढी मोलाची!

स्वातंत्र्यानंतर सूत्रे भारतीय हातांत आली. 1950 मध्ये जे. सी. डॅनियल संस्थेत दाखल झाले आणि हयातभर तिथेच रमले. 1963 पासून त्यांनी पश्चिम भारतातल्या उभयचरांची क्षेत्रमार्गदर्शिका जर्नलमधून क्रमशः दिली. तोवर बेडूक आपल्याला दोनच ठिकाणी भेटे, शेतात आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मेणाच्या तबकात. त्याच्या पायांची परदेशात निर्यातही होत होती. ती 1987 मध्ये बंद झाली. या बेडकाला जाती आहेत, प्रत्येकीचा आवाज वेगळा, अंडी घालण्याची तऱ्हा वेगळी, हे डॅनियल यांच्यासारख्यांनी सामान्य वाचकापर्यंत आणले. 1983 मध्ये, संस्थेच्या शताब्दी वर्षात, त्यांचे भारतीय सरीसृपांवरचे पुस्तक आले. 2002 च्या वाढीव आवृत्तीत उभयचरांनाही जागा मिळाली.

त्यानंतरच्या काळात विभागाने सह्याद्रीकडे नव्याने पाहिले. त्यात वरद गिरी यांचे नाव ठळक आहे. 2003 मध्ये आंबोलीचे एक देवगांडूळ शास्त्राला नवे ठरले. गांडुळासारखा दिसणारा हा पाय नसलेला उभयचर. गिरी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी त्याला डॅनियल यांचे नाव दिले. 2008 मध्ये साताऱ्याच्या नावाची एक पाल नोंदली गेली. आणि 2016 मध्ये दीपक वीरप्पन, गिरी व सहकाऱ्यांनी सड्यांवरच्या रंगीत गळ्याच्या सरड्यांसाठी नवी प्रजाती उभी केली, तिचे नाव ‘सारडा’. आपला घरगुती ‘सरडा’ शब्द जगाच्या शास्त्रीय यादीत जाऊन बसला. मराठी माणसाने याचा अभिमान धरावा.

या साऱ्या काळात कामाची रीतही बदलली. पूर्वी मेलेला प्राणी आधी फॉर्मलिनमध्ये, मग अल्कोहोलात ठेवत. फॉर्मलिनने शरीर टिकते, पण डीएनए खराब होतो. म्हणून आता आधी ऊतीचा बारीकसा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलात वेगळा ठेवतात. पूर्वी बंदुकीच्या शौकिनांनी पाठवलेले नमुने येत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय प्राणी गोळा करता येत नाहीत, आणि ते योग्यच झाले. आज छायाचित्र, आवाजाची नोंद आणि जागेचे अक्षांश-रेखांश यांनी पुष्कळ काम होते.

एक गोष्ट तेवढी तशीच राहिली, ती म्हणजे बरणीतली चिठ्ठी. अल्कोहोलात रंग टिकत नाही. पोपटी हरणटोळ निळसर पडतो. नावही टिकत नाही. ज्या झुडपी बेडकांना पूर्वी ‘फिलॉटस’ म्हणत, त्यांतल्या आपल्याकडच्या बहुतेकांना 2010 मध्ये उभयचरांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ‘राओर्चेस्टिस’ हे नाव मिळाले. पण जुनी चिठ्ठी फेकत नाहीत, शेजारी नवी जोडतात. कारण त्या जुन्या चिठ्ठीवर न विरघळणाऱ्या शाईने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कुठे मिळाला, केव्हा मिळाला, कोणाला मिळाला. तो ओढा बुजला, त्या वाडीची जागा इमारतीने घेतली, तरी तिथे एकेकाळी कोण राहत होते याचा पुरावा म्हणून ती चिठ्ठी उभी राहते. चिठ्ठीवाचून बरणीतला साप हा नुसता मेलेला साप.

म्हणून माझ्या मते या विभागाचे खरे धन बरण्यांत नसून त्या कागदाच्या चिठोऱ्यांत आहे. असे संग्रह सांभाळायला पैसा लागतो, सतत भरत राहावे लागणारे अल्कोहोल लागते आणि मुख्य म्हणजे आयुष्य देणारी माणसे लागतात. सरकारने आणि विद्यापीठांनी याकडे अडगळ म्हणून पाहू नये. आपल्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांत धूळ खात पडलेल्या बरण्याही कोणीतरी एकदा उघडून, चिठ्ठ्या वाचून, वहीत उतरवून घ्याव्यात.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण काय करावे? साप दिसला तर काठी उचलू नका. लांब राहा, सर्पमित्राला बोलवा. दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठा. आणि पाऊस पडल्यावर वाडीत कोणता बेडूक ओरडला, खाडीत कोणता साप जाळ्यात आला, ते तारीख आणि ठिकाण घालून वहीत लिहून ठेवा. 140 वर्षांहून जुना तो संग्रह अशाच एकेका नोंदीने उभा राहिला आहे.